कुंभारणीचा नैवेद्य

चहाच्या पातेल्यावरचं झाकण थडथड वाजायला लागलं, तेव्हा कुठे आमच्यातलं कुणीतरी हललं. तोवर सगळे गप्प होतो. धरणाचं पाणी गप्प, काठावरची जांभळीची झाडं गप्प, आणि मोठ्या तंबूच्या पुढच्या खांबापाशी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, एक बोट वर करून उभ्या. त्या बोटानं त्यांनी सगळी सकाळच अडवून धरल्यासारखी.

"बघा," त्या शेवटी म्हणाल्या. "बघा तरी, कोण आलंय ते."

खांबावर, साधारण माझ्या डोक्याच्या उंचीला, चिखलाची तीन इवलीशी मडकी चिकटली होती. दोन गोल, बोराएवढी. तिसरं जरा लांबट, नळीसारखं. एक काळी, बारीक कंबरेची माशी त्या तिसऱ्याच्या तोंडाशी ओला चिखल थापत होती.

"कुंभारणीनं घर केलंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर खांबावरून निघाली ती सरळ माझ्या पोटावर येऊन थांबली. "आणि तेही लांबट."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंभारीण माशीनं घराच्या भिंतीला मातीचं घर बांधलं की त्या घरात पाळणा हलणार, असं आमच्याकडे मानतात. आत्याबाईंच्या माहेरी त्याच्याही पुढची पायरी होती. गोल मडकं झालं तर मुलगी, लांबट झालं तर मुलगा. आणि एकदा घर झालं की त्याला कुणी हात लावायचा नाही, धूर द्यायचा नाही, झाडूसुद्धा फिरवायचा नाही. मोडलं तर कूस मोडली.

"आई, अगं हा तंबू आहे," विक्रांत हसत म्हणाला. "घर कुठंय?"

"तुम्ही झोपता ना ह्यात? मग घरच की ते."

विक्रांत माझा नवरा. त्याच्या मित्रानं धरणाच्या काठावर चार तंबू ठोकून कॅम्पिंगचा धंदा सुरू केला होता. नवरात्रापासून तंबू उभे होते, पण गिऱ्हाईक यायचं होतं. दिवाळी झाल्यावर "तुम्हीच बोहनी करा" म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं. मामंजी जाऊन आठ महिने झाले होते, आत्याबाई कोल्हापूरच्या घरात नुसत्या बसून असायच्या, म्हणून त्यांनाही आणलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या सासऱ्यांनी माळावर पाल ठोकून राहणाऱ्यांना धान्य दिलं, आणि आता नातू पैसे देऊन पालात राहतोय." आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हा अजून हसत होतो.

रेणू माझी मुलगी. पाच वर्षांची. ती खांबाखाली टाचा उंच करून विचारत होती, "आजी, त्या मडक्यात बाळ आहे?"

"तुझा भाऊ आहे," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण मी चहा गाळायला घेतला.

कॅम्पवर स्वयंपाकाला ठकूबाई होत्या, पलीकडच्याच वाडीतल्या. त्यांचा ड्रायव्हर पुतण्याही तिथलाच. वय साठीचं, कमरेला तंबाखूची चंची, आणि बोलणं फटकळ. त्या भाकरीची परात ठेवून खांबापाशी आल्या, मडक्यांकडे पाहिलं, मग मान वर करून तंबूच्या छताकडे पाहत राहिल्या.

"कुंभारीण हाय ती हाय," त्या म्हणाल्या. "गरीब बिचारी, कुणाला चावत न्हाई. पण ताई, वर बघा की. त्या घडीत."

छताचं जाड कापड खांबाच्या टोकाला दुमडलेलं होतं. त्या दुमडीत एक पिवळी, लांब पायांची माशी गेली. मग दुसरी. मग दोन बाहेर आल्या. नीट पाहिलं तर आत राखाडी, कागदासारखं पोळं लटकलेलं दिसलं. हाताच्या पंजाएवढं.

"गांधिली," ठकूबाई म्हणाल्या. "दिवस मावळला की समद्या घरात येत्यात. तवा खालनं धूर द्यायचा. निघून जात्यात. त्यात काय न्हाई."

"धूर?" आत्याबाईंनी असं विचारलं की जणू ठकूबाईंनी तंबूच पेटवायचं म्हटलंय. "लेकुरवाळीच्या दारात धूर? ती आत्ता घर बांधतीय, आणि तुम्ही खालनं जाळ करणार?"

"अवो, ही येगळी, ती येगळी."

"एकाच खांबाला आहेत ना? मग?"

आता मला बोलायलाच हवं होतं. "आत्याबाई, रेणूला चालत नाही ते. तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये शाळेच्या बागेत मधमाशी चावली तेव्हा काय झालं होतं ते."

काय झालं होतं ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अंगभर गांध्या उठल्या होत्या, ओठ सुजून उलटले होते. डॉक्टरांनी मला आणि विक्रांतला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की पुढची वेळ ह्याहून वाईट असू शकते. अंगावर गांध्या, खोकला, आवाज बसणं, ह्यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट जवळचा दवाखाना गाठा, इंजेक्शन लागतं. मी ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. सिरपची बाटलीही.

"जून वेगळा," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा तिला ताप होता आधीच."

"ताप नव्हता."

"असेल गं थोडा."

मी म्हटलं, आम्ही दुसऱ्या तंबूत जातो, तीन रिकामेच आहेत. तर त्या म्हणाल्या, "तिनं घर तुमच्या दाराला केलंय. तुम्हीच दार सोडून गेलात तर मग तिनं ते कुणासाठी केलं?"

विक्रांतला मी गाडीमागे नेलं. आत्याबाईंसमोर मी त्याला "अहो" म्हणते, एकटे असलो की "अरे".

"अरे, तू होतास ना डॉक्टरांकडे? ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलंय गं."

"मग बोल ना आईंशी."

त्यानं गाडीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. "हेमा, बाबा गेल्यापासून ती आज पहिल्यांदा हसलीय. दोन दिवस तर काढायचेत. रेणूला आपण त्या बाजूला जाऊच द्यायचं नाही. मी लक्ष ठेवतो. झालं?"

झालं, असं मी म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. चांगल्या मुलाचा चांगुलपणा नेहमी आपल्या बायकोच्या खिशातून खर्च होतो, हे तोवर मला कळलं होतं, आणि तरीही मी खिसा पुढे केला.

अंघोळी झाल्यावर आत्याबाईंनी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. ठकूबाईंकडून गूळ आणि खोबरं मागून घेतलं. वाटी खांबाखाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "ये. पदर घे."

मी ड्रेसवर होते. ओढणी डोक्यावरून घेतली. खांबाला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. वरच्या घडीत गांधिली आत-बाहेर करत होत्या, आणि मी एक डोळा त्यांच्यावर ठेवून कुंभारणीच्या पाया पडत होते. विक्रांतनं मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो अजून कुठेतरी असेल. मी शोधला नाही.

आत्याबाई आत गेल्याबरोबर मी वाटी उचलली, गूळ-खोबरं लांब नेऊन झुडपात फेकलं, वाटी धुतली, आणि त्यांना जाऊन सांगितलं. लपवून काही केलं नाही.

"आत्याबाई, तिथं गोड नको ठेवायला. गांधिली गोडाला येतात."

"बरं," त्या म्हणाल्या.

नुसतं "बरं". माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या "बरं"चा अर्थ मला कळायला हवा होता.

दुपारी साडेबाराच्या सुमारास मी रेणूचे चिखलानं भरलेले कपडे घेऊन पाण्यावर गेले. जाताना विक्रांतला म्हटलं, "रेणूकडे बघा हं." तो दोन झाडांच्या मध्ये बांधलेल्या झोपाळ्यात पडला होता. मोबाइलवरनं नजर न काढता त्यानं हात वर केला.

दुसरा फ्रॉक पिळत होते, तेव्हा किंकाळी आली.

आईला आपल्या मुलाच्या रडण्यातले सगळे स्वर ओळखता येतात. पडल्याचं रडणं वेगळं, हट्टाचं वेगळं. हे मी पूर्वी एकदाच ऐकलं होतं. जूनमध्ये.

मी धावत वर आले. रेणू खांबाखाली उभी होती, हातात वाटी, वाटीतला गूळ तिच्या बोटांना चिकटून तार धरलेला, आणि तिच्या मनगटाभोवती, मानेभोवती पिवळ्या माश्या. आत्याबाई दोन हातांवरून ओरडत होत्या, "हलू नको! हलू नको म्हणजे जातील!" मी तिला खेचून काढलं. माझ्याही दंडाला एक डसली, ते मला संध्याकाळी कळलं. रेणूला दोन डंख होते. एक मनगटावर, एक मानेवर, कानाच्या खाली.

"कुणी पाठवलं तिला?" मी विचारलं.

"मी म्हटलं, लेकराच्या हातानं ठेवलं तर पावेल," आत्याबाई म्हणाल्या. "भावाला बहिणीनंच मागायचं असतं."

त्या वेळी बोलायला वेळ नव्हता. नाहीतर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. सिरप पाजलं. विक्रांत झोपाळ्यातून उठून येईपर्यंत आत्याबाईंनी तंबूची एक लोखंडी खुंटी उपटून आणली होती. "लोखंड घासा. उतरतं." ठकूबाईंच्या चंचीतून चुना घेतला, डंखावर लावला. विक्रांत गुडघ्यावर बसून रेणूच्या मनगटावर ती खुंटी घासत होता. इंजिनिअर माणूस. खुंटीला अजून माती होती.

"गाडी काढा," मी म्हटलं.

"सिरप दिलंयस ना? दहा मिनिटं बघू. उतरेल."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"हेमांगी, तू आधी घाबरू नको. तू घाबरलीस की ती घाबरते."

"रानात पोरांना असलं चावतंच," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या विक्रांतला लहानपणी पाच चावल्या होत्या एकदम. लोखंड घासलं, संध्याकाळी शेतात पळत होता."

ठकूबाई मागे उभ्या होत्या. त्या विक्रांतला म्हणाल्या, "दादा, न्या पोरीला. माझ्या जावेचा भाऊ असाच गेला." आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या दोन पावलं मागं सरल्या.

आणि मी? मी काय केलं? मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं मी खरंच थांबले. माझा सगळ्यात जास्त राग कुणावर असेल, तर त्या दहा मिनिटांवर. ती कुणी माझ्याकडून हिसकावून घेतली नव्हती. मी दिली. रेणूचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या मानेवरचा चुना वाळताना बघत, मी सुनेसारखी बसून राहिले.

मग तिच्या पोटावर पहिली गांधी उठली. मग पाठीवर, मग सगळीकडे, एकात एक मिसळत. ती खाजवायला लागली. खोकली. पुन्हा खोकली. आणि म्हणाली, "आई, माझ्या घशात काहीतरी अडकलंय." तो आवाज तिचा नव्हता. म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज माझ्या पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून आला.

"अरे विक्रांत, ऊठ!" मी ओरडले. "ती खुंटी टाक आणि गाडी काढ! आत्ताच्या आत्ता!"

आणि त्यावर आत्याबाई काय म्हणाल्या, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर नवऱ्याला अरे?"

"किल्ली कुठंय?" मी विचारलं. "तू चालवतोस की मी ठकूबाईंच्या पुतण्याला हाक मारू?"

त्यानं गाडी काढली. रेणूला घेऊन मी त्याच्या शेजारी बसले. आत्याबाईही मागं येऊन बसल्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, नको म्हणायलाही कुणाला सवड नव्हती.

तालुक्याचं सरकारी रुग्णालय चौदा किलोमीटरवर होतं. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. तिसऱ्याच वळणावर पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस रस्त्यावर लोंबणारा, आणि ट्रॅक्टरवर एवढा मोठा स्पीकर लावलेला की त्याला आमचा हॉर्न कुठून ऐकू येणार. विक्रांत मागोमाग सावकाश चालवत होता. हॉर्नही कसा, दारात उभा राहून कडी वाजवावी तसा.

"दाब ना!"

"दाबतोय गं. रस्ता बघ किती अरुंद आहे."

मी रेणूला एका हातानं धरलं, बाजूला वाकले आणि स्टिअरिंगवर तळहात दाबून धरला. सोडलाच नाही. किती वेळ माहीत नाही. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळून शिवी हासडली आणि चाक मातीवर उतरवलं. आम्ही गेलो तेव्हा मी काच खाली करून त्याला काहीतरी ओरडून सांगितलं. आभार होते की शिवी, मला आठवत नाही.

मागच्या सीटवर आत्याबाई जोतिबाचं नाव घेत होत्या. माझ्या छातीशी रेणूचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिला सांगत होते, माझ्याकडे बघ, मी मोजते तसा श्वास घे, एक, दोन. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे सुजून अर्धे मिटले होते, तरी बघत होती. इतक्या विश्वासानं कुणी माझ्याकडे पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि इतकी मी त्या विश्वासाला कधी नालायक नव्हते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होती, माझ्याहून लहान असेल. तिनं रेणूकडे एकदा पाहिलं आणि कागद-बिगद काही मागितले नाहीत. मांडीत इंजेक्शन. नाकावर ऑक्सिजन. दुसऱ्या हातात सलाईन. नर्सला पटापट सूचना. आणि ते सगळं करता करता तिनं मान न वळवता विचारलं, "चावून किती वेळ झाला?"

"लगेच निघालो आम्ही," विक्रांत म्हणाला. "पाचएक मिनिटांत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत होता हे त्याला तरी कळत होतं का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तोही बाप होता. पण त्या क्षणाला तो आईच्या शेजारी उभा होता, आणि मध्ये अख्खी कॉट होती.

"सगळी मिळून वीस मिनिटं आम्ही तिथेच बसलो होतो," मी डॉक्टरांना म्हटलं. "चुना लावत. लोखंड घासत. मग रस्त्याला अर्धा तास. जूनमध्ये असंच झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी बसलो."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. पण विक्रांत असा उभा राहिला, जणू मी त्याला भर चौकात मारलंय.

दुसरं इंजेक्शन लागलं. त्यानंतर हळूहळू शिट्टी थांबली. ओठ जागेवर यायला लागले. डॉक्टर म्हणाली, उद्या सकाळपर्यंत इथेच ठेवू, पुन्हा उलटू शकतं. मी मान हलवली. तिच्या हाताला हात लावावासा वाटला, पण माझ्या बोटांना गूळ चिकटलेला होता.

ह्याला आता सात वर्षं होतील. रेणू आता बारा वर्षांची आहे. तिच्या दप्तरात आता इंजेक्शन असतं, आणि ते कसं द्यायचं हे तिच्या दोन मैत्रिणींना माहीत आहे. विक्रांतलाही माहीत आहे. त्यानं संत्र्यावर सराव केला. मी त्याला शिकवलं, आणि शिकवताना आमच्या दोघांच्याही तोंडून त्या दिवसाबद्दल एक शब्द निघाला नाही. राग असा वर्षानुवर्षं टिकतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो दुधासारखा असतो, उतू जातो आणि मग बसतो.

त्या संध्याकाळी साडेपाचला विक्रांतचा फोन वाजला. ठकूबाई. पोरगी कशी आहे विचारलं, आणि मग म्हणाल्या, दिस मावळंल आता, सांगा, धूर देऊ का?

विक्रांतनं आईकडे पाहिलं. कॉटच्या पायथ्याशी बाकावर आत्याबाई बसल्या होत्या. दिवसभर त्या रडल्या होत्या, खोटं नाही सांगत, डोळे लाल झाले होते. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "गांधिलींना दे म्हणावं. कुंभारणीचं तेवढं राहू दे. फडकं बांधून घे म्हणावं त्याला."

मी फोन हिसकावून घेतला. "ठकूमावशी, पेटवा. सगळं. खांबावरचीसुद्धा पाडा, आणि पाडलीत की मला सांगा."

"कुंभारीण बी?" ठकूबाई जरा अडखळल्या. "ताई, तिनं काय केलंय वो?"

काहीच केलं नव्हतं तिनं. "पाडा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "हे तू केलंस. तुझ्या तोंडानं केलंस."

"हो, मी केलं."

"घराण्याचा दिवा..."

"आत्याबाई, तुमच्या घराण्याचं जे काही आहे ते ह्या कॉटवर झोपलंय. नाकात नळी घालून. जे नाहीच त्याच्यासाठी तुम्ही तिच्या हातात गूळ देऊन तिला माश्यांखाली उभं केलंत."

"आई, हेमा, हळू," विक्रांत म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. आयुष्यभर मी हळू बोलले, म्हणून ही वेळ आली."

शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. तिच्या नवऱ्यानं चहाचा कप तसाच हातात धरला. मला वाटलं आत्याबाई आता मोठ्यानं रडतील, किंवा विक्रांतला घेऊन निघून जातील. पण त्या माझ्या जवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांच्या श्वासातला वेलचीचा वास मला आला, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,

"मला एकटीला वाईट करू नको. ही पोटात असताना, सातव्या महिन्यात, माझ्याबरोबर जोतिबाला तूच आली होतीस. मी ढकलत नेली नव्हती. नवस तुझ्या तोंडानं बोललीस तू. मुलगा दे म्हणालीस. मी शेजारी उभी होते, ऐकलंय मी. आणि मुलगी झाली म्हटल्यावर पहिली रडली कोण? मी की तू?"

त्या वळल्या आणि वॉर्डच्या बाहेर गेल्या. विक्रांत दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग तोही त्यांच्या मागे गेला.

मी कॉटच्या कडेला बसले. आत्याबाईंनी खोटं काही सांगितलं नव्हतं. सातव्या महिन्यात मी तिथे गेले होते. पायऱ्या चढताना धाप लागत होती, आणि मनात एकच होतं, एकदा मुलगा होऊन जाऊ दे, म्हणजे मी सुटले. पुन्हा कुणी विचारायला नको, पुन्हा कुणी पोटाकडे बघायला नको. मोठ्यानं म्हटलं मी ते. गुलाल कपाळाला लावून म्हटलं. आणि रडलेही होते. रेणूला पहिल्यांदा छातीशी घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या डोक्यावर पडलं होतं, आणि नर्सला वाटलं होतं आनंदानं रडतीय.

खिडकीबाहेर अजून उजेड होता. मी रेणूच्या मनगटावरचा वाळलेला चुना ओल्या रुमालानं पुसत होते. एवढंसं मनगट. पुसता पुसता लक्षात आलं, तिचे डोळे उघडे आहेत. कधीपासून उघडे होते कुणास ठाऊक.

"दुखतंय का गं राणी?"

तिनं मान हलवली. नाही. मग त्या घोगऱ्या, अजून पुरत्या न परतलेल्या आवाजात म्हणाली, "आई, मी भाऊ मागितला म्हणून त्या चावल्या?"

"नाही गं. त्यांना गूळ हवा होता. तुझी काही चूक नाही."

"मी आजीनं सांगितलं तसंच म्हटलं."

"माहीत आहे मला. झोप आता."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, कपाळावरून मागे, कपाळावरून मागे, ती तान्ही असताना फिरवायचे तसा. तेवढ्यात तिनं माझं बोट धरलं आणि डोळे न उघडताच विचारलं,

"आई, मग मला कुणी मागितलं होतं?"